सिप्रोफ्लॉक्सासिन दिल्यावर ई. कोलाय काय करतो: जीएफपी जैवसंवेदकाची पहिली प्लेट

प्रतिजैविकाची चकती ठेवलेली पेट्री डिश दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटरमधून काढायची, चकतीभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाला पट्टी लावायची, मिलिमीटर तक्त्याशी ताडून बघायचे. रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला ही पद्धत आजही चांगलीच आहे. पण मधल्या सोळा-अठरा तासांत जिवाणूने काय केलं, हे तिच्यातून कळत नाही. औषध आत शिरल्यावर त्याने दुरुस्तीची यंत्रणा केव्हा चालू केली? वाढ थांबली ती तो मेला म्हणून, की जिवंत राहून नुसता अडकला म्हणून? हे प्रश्न पडायला लागले की जैवसंवेदकाकडे वळावं लागतं.

हा लेख सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या, हातात मायक्रोपिपेट धरता येणाऱ्या आणि कॉलेजात किंवा संस्थेत फ्लुओरेसन्स (विशिष्ट प्रकाश टाकल्यावर नमुन्यातून परत येणारा उजेड) मोजणारा प्लेट रीडर असलेल्या नवख्यांसाठी आहे. घरच्या ओट्यावर करायचा हा प्रयोग नाही. एक जिवाणू (ई. कोलाय), एक औषध (सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक), एक संवेदक एवढंच घेतलं आहे. पाच औषधं आणि चार संवेदक एकाच प्लेटवर बसवायचा मोह पहिल्या वेळी सगळ्यांनाच होतो आणि हाती येतं ते फक्त गोंधळलेलं स्प्रेडशीट.

संवेदक नक्की कुठे असतो

इथे संवेदक म्हणजे जिवाणू स्वतः. त्याच्या पेशीत एक छोटं प्लास्मिड (डीएनएचा सुटा, वर्तुळाकार तुकडा) घातलेलं असतं. त्यावर ज्या जनुकाची हालचाल बघायची त्याचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू-बंद होतं तो डीएनएचा भाग, आणि त्याच्यामागे हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचं म्हणजे जीएफपीचं जनुक. पेशीने तो प्रमोटर चालू केला की जीएफपी बनतं, निळा प्रकाश टाकला की हिरवा उजेड येतो आणि यंत्र तो मोजतं. हे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांना १९६२ मध्ये एका जेलीफिशमध्ये सापडलं. त्यावरच्या कामाला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सगळेच संवेदक पेशीच्या आत नसतात. क्षयरोगाच्या प्रयोगशाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एमजीआयटी नळीच्या तळाशी ऑक्सिजनला संवेदनशील असा एक फ्लुओरेसंट पदार्थ असतो. जिवाणू ऑक्सिजन वापरतात तसा तो उजळतो. औषध घातलेल्या नळीत तो उजळला नाही, तर औषध लागू पडलं. पद्धत दणकट आहे, आपल्याकडे रोजच्या वापरातली आहे, पण ती एवढंच सांगते की श्वसन चालू आहे की नाही. औषधाने पेशीच्या कोणत्या भागावर घाव घातला हे कळायला प्रमोटर लागतो.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सुल-ए हीच जोडी का

कारण तिची यंत्रणा नीट समजलेली आहे आणि संकेत जोरदार मिळतो. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनए गायरेज या विकराला डीएनएवरच अडकवून ठेवतं. त्यातून डीएनएच्या दोन्ही धाग्यांना तुटी पडतात. तुटलेल्या टोकांवरचा एकेरी धागा उघडा पडला की रेक-ए नावाचं प्रथिन त्यावर रांगेने बसतं. ही रांग तयार झाली की लेक्स-ए हे दाबून ठेवणारं प्रथिन स्वतःलाच कापून घेतं आणि त्याने दाबून ठेवलेली चाळीसेक जनुकं मोकळी होतात. या सगळ्याला एसओएस प्रतिसाद म्हणतात.

या चाळीसांतून सुल-ए हे जनुक निवडायचं कारण असं की एरवी ते जवळजवळ बंद असतं. रेक-एचा प्रमोटरही वापरतात, तो जास्त उजेड देतो, पण तो शांत पेशीतही बऱ्यापैकी चालू असतो. त्यामुळे कितीपट वाढ झाली हे पाहताना सुल-ए उजवं ठरतं. शिवाय सुल-ए प्रथिनाचं काम पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे: ते एफटीएसझेड या प्रथिनाला रोखून पेशीचं विभाजन थांबवतं. पेशी वाढत राहते, पण दोन होत नाही. हे लक्षात ठेवा, आलेख वाचताना याच मुद्द्यावर नवखे घसरतात.

ही कल्पना नवी नाही. सुल-एला रंग देणारं विकर जोडून बनवलेली एसओएस क्रोमोटेस्ट १९८२ पासून डीएनएला इजा करणारी रसायनं ओळखायला वापरली जाते. आजच्या कामासाठी सोयीचा संच म्हणजे इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या उरी अलॉन यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला ई. कोलायच्या प्रमोटरांचा संग्रह. जिवाणू के-१२ जातीचा एमजी१६५५, प्लास्मिड पीयूए६६, पेशीत त्याच्या मोजक्याच प्रती, आणि निवडीसाठी कॅनामायसिनला प्रतिकार. संग्रहातला सुल-एचा स्ट्रेन (म्हणजे जिवाणूचा वाण) आणि प्रमोटर नसलेलं रिकामं पीयूए६६ असे दोन्ही मागवा. रिकाम्या प्लास्मिडशिवाय हा प्रयोग सुरू करू नका. स्ट्रेन संस्थेमार्फत, साहित्य-हस्तांतरणाच्या करारानेच येतो. साधा, बिनप्लास्मिडचा ई. कोलाय हवा असेल तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा (एनसीएल) एनसीआयएम हा जिवाणूसंग्रह आणि चंदीगडचा एमटीसीसी आहे.

के-१२ हा रोगकारक नाही, पण स्ट्रेन जनुकीय बदल केलेला आहे. म्हणजे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला आधी कळवायचं. मार्गदर्शकांनी "अरे, ते नंतर बघू" म्हटलं तरी आधीच कळवायचं.

माध्यम: इथे घाई करू नका

पहिली सवय एलबी हे जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम वापरायची असते. वाढीला ते छान, पण यीस्ट अर्कातल्या रायबोफ्लेविनसारख्या पदार्थांमुळे एलबी स्वतःच हिरवं चमकतं. म्यूलर-हिंटन ब्रॉथचंही थोडंफार तसंच. सुल-एचा सुरुवातीचा मंद उजेड त्या पार्श्वभूमीत बुडून जातो. म्हणून एम९ हे क्षारांपासून बनवायचं साधं माध्यम घ्या. एक लिटरला निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३ ग्रॅम, मीठ ०.५ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड १ ग्रॅम. हे ऑटोक्लेव्ह करून पूर्ण थंड झाल्यावर वेगळं निर्जंतुक केलेलं मॅग्नेशियम सल्फेट २ मिलिमोलर, कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिलिमोलर, ग्लुकोज ०.४ टक्के आणि कॅसअमिनो अ‍ॅसिड ०.२ टक्के या प्रमाणात घाला. कॅल्शियम गरम फॉस्फेटात घातलं तर पांढरा साका बसतो आणि ते माध्यम ओतून द्यावं लागतं. कॅसअमिनो अ‍ॅसिड घातल्याने वाढ बरीच वेगात होते. ते वगळलं तर प्रयोग रात्रीपर्यंत लांबतो.

आता एक अडचण. क्विनोलोन औषधं मॅग्नेशियमसारख्या आयनांशी बांधली जातात आणि त्यांची धार बोथट होते. प्रमाणित चाचणीच्या म्यूलर-हिंटन ब्रॉथमध्ये मॅग्नेशियम लिटरमागे १० ते १२.५ मिलिग्रॅम असतं. वरच्या एम९मध्ये ते जवळपास ४९ मिलिग्रॅम होतं. त्यामुळे पुस्तकातली एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, तुमच्या प्लेटवर तशीच येईल ही अपेक्षा सोडा. प्रमाणित चाचणीत एटीसीसी २५९२२ या नियंत्रण स्ट्रेनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात. तो आकडा मात्रांचा पल्ला ठरवायला घ्या, निष्कर्ष काढायला नको. आपल्या माध्यमातली एमआयसी आपणच काढायची.

औषधाचं द्रावण

केमिस्टकडची गोळी कुटून घेऊ नका. तिच्यात स्टार्च आणि इतर भराव असतो, आणि नेमकं वजन किती धरायचं हे ठरवता येत नाही. शुद्ध सिप्रोफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइड मागवा, ते पाण्यात विरघळतं. हायड्रोक्लोराइड नसलेलं शुद्ध रूप मिळालं तर ते ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवावं लागतं.

बाटलीवरची पोटन्सी वाचा. एका मिलिग्रॅम पावडरीत ९०० मायक्रोग्रॅम औषध असं लिहिलं असेल, तर १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं १० मिलिलिटर द्रावण करायला १० नाही, ११.१ मिलिग्रॅम पावडर लागेल. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, छोट्या नळ्यांत वाटून ठेवा, फॉइलमध्ये गुंडाळा कारण प्रकाशाने ते खराब होतं, आणि उणे २० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका.

प्रयोगाच्या दिवशी त्यातून माध्यमात १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण करायचं. थेट हजारपट पातळ करू नका. १० मायक्रोलिटर ९९० मध्ये, आणि मग त्यातलं ०.५ मिलिलिटर ४.५ मिलिलिटर माध्यमात. एक मायक्रोलिटर नेमका उचलणारी पिपेट आपल्याकडे आहे असं सगळ्यांना वाटतं. कॅलिब्रेशनची शेवटची तारीख एकदा बघून या.

आदल्या संध्याकाळपासून

ताज्या प्लेटवरची एक सुटी कॉलनी एम९ आणि २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर कॅनामायसिनमध्ये टाका, ३७ अंशांवर हलवत रात्रभर वाढवा. सुल-ए स्ट्रेनची एक नळी, रिकाम्या प्लास्मिडची एक. सकाळी शंभरपट पातळ करून पुन्हा वाढू द्या. ओडी (कल्चर किती गढूळ आहे याचं माप) ०.२ च्या आसपास आली की तेच कल्चर वापरा. रात्रभर उभं राहून दमलेलं कल्चर थेट प्लेटवर घातलं, तर पहिला तास-दीड तास पेशी सावरण्यातच जातात आणि तो उशीर औषधाच्या माथी मारला जातो.

प्लेटमध्ये कॅनामायसिन ठेवावं की नाही यावर मतं वेगवेगळी आहेत. सहा तासांच्या प्रयोगात मी ते वगळायच्या बाजूने आहे. एका औषधाचा परिणाम बघायचा असताना दुसरं औषध कशाला? प्लास्मिड टिकलं का, याची खात्री शेवटी कॅनामायसिन असलेल्या आणि नसलेल्या अगारवर कॉलन्या मोजून करता येते.

कल्चर एम९मध्ये पातळ करून ओडी ०.१ वर आणा. प्लेटमध्ये ते निम्मं होऊन ०.०५ होईल, म्हणजे मिलिलिटरमागे साधारण ४ कोटी पेशी. प्रमाणित एमआयसी चाचणीत ५ लाख असतात. इतक्या जास्त पेशी घ्यायचं कारण फक्त यंत्र: त्याहून कमी पेशींचा उजेड नीट मोजला जात नाही. पण यामुळे तुमच्या प्लेटवरच्या आकड्याला प्रमाणित एमआयसी म्हणता येत नाही. अहवालात तसं लिहा.

प्लेट लावणे

काळ्या भिंतीची, पारदर्शक तळाची ९६ खळग्यांची प्लेट घ्या. पूर्ण पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या खळग्याचा उजेड गळतो. कडेचे सगळे खळगे, म्हणजे ए आणि एच या ओळी आणि १ व १२ हे स्तंभ, निर्जंतुक पाण्याने भरा. ते लवकर सुकतात आणि तिथले आकडे विश्वासाचे नसतात.

उरले बी ते जी ओळी आणि २ ते ११ स्तंभ. बी, सी, डी या ओळी सुल-ए स्ट्रेनला, ई आणि एफ रिकाम्या प्लास्मिडला, जी ओळीत फक्त माध्यम आणि औषध, जिवाणू नाहीत.

स्तंभ २ ते १० मध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलिटर माध्यम घाला. स्तंभ ११ मध्ये १ मायक्रोग्रॅमचं औषधी द्रावण २०० मायक्रोलिटर. आता ११ मधून १०० उचलून १० मध्ये, पाच-सहा वेळा वरखाली करून मिसळायचं, नवी टिप, १० मधून ९ मध्ये, असं स्तंभ ३ पर्यंत. तिसऱ्यातून उचललेलं १०० मायक्रोलिटर टाकून द्या. स्तंभ २ औषधाविना राहतो. टिप बदलायचा कंटाळा केला तर वरच्या मात्रेचं औषध भिंतीला चिकटून खाली उतरतं आणि सगळ्या कमी मात्रा मनातल्यापेक्षा जास्त होतात.

मग बी ते एफ ओळींत १०० मायक्रोलिटर जिवाणू आणि जी ओळीत १०० मायक्रोलिटर माध्यम. स्तंभ ११ मध्ये आता ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, पुढे ०.२५, ०.१२५, अशी निम्मी होत स्तंभ ६ मध्ये सुमारे ०.०१६ आणि स्तंभ ३ मध्ये ०.००२. जिवाणू कमी मात्रेकडून जास्त मात्रेकडे घालत जा. बुडबुडे आले तर निर्जंतुक सुईने फोडा. बुडबुड्याचा खळगा आलेखात हमखास उंच उडी मारतो.

रीडर

३७ अंश, दोन मोजणींच्या मध्ये हलवणं चालू, दर १० मिनिटांनी मोजणी, सहा तास. ओडी ६०० नॅनोमीटरवर. जीएफपीसाठी उत्तेजन ४८५, उत्सर्जन ५२० च्या आसपास. तळाकडून वाचायचं असेल तर सगळ्याच मोजण्या तळाकडून.

गेन, म्हणजे यंत्र उजेडाचा संकेत किती वाढवून घेतं, ही एकच सेटिंग अशी आहे की जिच्यावर सगळं पाणी फिरू शकतं. गेन यंत्राला आपोआप ठरवायला दिला तर आज आणि पुढच्या आठवड्यातल्या प्लेटची तुलना करता येत नाही. आधी एक चाचणी प्लेट लावा, सगळ्यात तेजस्वी खळगा मोजणीच्या वरच्या मर्यादेला टेकणार नाही असा गेन शोधा, वहीत लिहा आणि पुढे तोच ठेवा.

झाकणावर वाफ धरली तर ओडीचे आकडे नाचतात. २० टक्के इथेनॉलमध्ये ०.०५ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून झाकणाची आतली बाजू त्याने ओली करून वाळवली की वाफ थेंबांनी धरत नाही. जीएफपीला पक्व व्हायला ऑक्सिजन लागतो, म्हणून प्लेट हवाबंद पट्टीने चिकटवून टाकू नका.

आकडे काढताना

ओडीतून जी ओळीच्या त्याच स्तंभाची ओडी वजा करा. उजेडातून रिकाम्या प्लास्मिडच्या पेशींचा, त्याच औषधमात्रेतला आणि तेवढ्याच ओडीला असलेला उजेड वजा करा. औषध दिलेल्या पेशी स्वतःही जास्त चमकू शकतात, त्यामुळे औषध नसलेल्या रिकाम्या प्लास्मिडचा एकच आकडा सगळीकडे वजा करणं चुकीचं.

आता बहुतेक जण उजेड भागिले ओडी काढून आलेख मांडतात. पहिल्या नजरेला ते ठीक आहे, पण फसवंही आहे. हे जीएफपी पेशीत सहजी मोडत नाही. पेशी विभागली की ते दोघींत वाटलं जाऊन पातळ होतं, एवढीच त्याची घट. औषधाने वाढ थांबली की हे पातळ होणं थांबतं. प्रमोटर पूर्वीच्याच मंद गतीने चालू असला तरी ओडीमागे उजेड वाढत जातो आणि आपण त्याला एसओएस म्हणून मोकळे होतो. म्हणून दर काढा: दोन मोजणींमधली उजेडाची वाढ, भागिले मधला वेळ, भागिले त्या वेळची ओडी. याला प्रमोटरची सक्रियता म्हणतात. दर काढला की आकडे खडबडीत होतात. तीन ते पाच सलग मोजण्यांची सरासरी घेत गेलात की रेषा वाचण्याजोगी होते. प्लेटवरची ओडी ०.०२ च्या खाली असेल तिथले भागाकार टाकून द्या. छोट्या संख्येने भागलं की काहीही निघतं. प्लेटवरची ओडी क्युव्हेटपेक्षा कमी येते, कारण २०० मायक्रोलिटरची उंची एक सेंटिमीटर भरत नाही, हेही इथेच आठवा.

आणि बी, सी, डी या तीन ओळी म्हणजे तीन प्रयोग नाहीत. एकाच नळीतलं कल्चर तीनदा मोजलंय. वेगळ्या दिवशी वेगळ्या कॉलनीपासून केलेली प्लेट हीच खरी पुनरावृत्ती, आणि अशा किमान तीन झाल्याशिवाय त्रुटिरेषा काढण्यात अर्थ नाही.

आलेख काय म्हणतो

सगळं नीट झालं असेल तर चित्र साधारण असं दिसतं. अगदी कमी मात्रेत काही नाही. एमआयसीच्या खालीच, जिथे वाढ अजून बरी चालली आहे, तिथे तासाभराच्या आत सक्रियता चढायला लागते. हा या प्रयोगाचा सगळ्यात रंजक भाग आहे: चकतीच्या चाचणीत ज्या मात्रेला आपण "काही परिणाम नाही" म्हणालो असतो, तिथे जिवाणू दुरुस्तीला लागलेला असतो. एमआयसीच्या आसपास आणि थोडं वर उजेड सगळ्यात जास्त. आणि मग, मात्रा खूप वाढवत नेली की उजेड पुन्हा उतरतो.

हा उतार बघून यंत्र बिघडलं असं वाटतं. यंत्र ठीक आहे. फार जास्त मात्रेत पेशीचं आरएनए आणि प्रथिनं बनवणंच कोसळतं. एसओएसची हाक गेली तरी जीएफपी बनवायला कारखाना शिल्लक नसतो. म्हणजे मंद खळग्याचे दोन अगदी उलट अर्थ होऊ शकतात: पेशीला काहीच झालेलं नाही, किंवा पेशीचं इतकं झालंय की ती सांगूही शकत नाही. कोणता, हे उजेडावरून कधीच कळत नाही. शेजारी ओडीचा आलेख ठेवावाच लागतो.

पण ओडीही पूर्ण खरं बोलत नाही. सुल-ए विभाजन थांबवतं हे वर आलंच आहे. पेशी लांब होत जाते, माध्यम गढूळ होत जातं, आणि ओडी तास-दोन तास मजेत चढत राहते, तर तिकडे जिवंत राहून कॉलनी करू शकणाऱ्या पेशी झपाट्याने घटत असतात. शंका असेल तर त्या खळग्यातला एक थेंब १.५ टक्के अगारोजच्या पातळ थरावर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दोन-चार मायक्रॉनच्या कांड्यांऐवजी शेवयांसारख्या लांबलचक पेशी दिसतील, आणि त्यांतल्या बऱ्याचशा हिरव्या असतील.

मेलेले मोजायचे तर कॉलन्याच

म्हणून प्लेटच्या बरोबरीने त्याच कल्चरच्या तीन नळ्या चालवा, प्रत्येकी ३ मिलिलिटर: औषधाविना, ०.०१६, आणि ०.१२५ मायक्रोग्रॅम. शून्य, एक, दोन आणि चार तासांनी थोडं काढा, ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात दहा-दहापट पातळ करत जा, आणि प्रत्येक पायरीचे १० मायक्रोलिटर औषध नसलेल्या एलबी अगारवर थेंब म्हणून ठेवा. दुसऱ्या दिवशी ज्या थेंबात ३ ते ३० कॉलन्या आहेत तो मोजा. कॉलन्या गुणिले १००, गुणिले पातळ केल्याची पट, म्हणजे मिलिलिटरमागे जिवंत पेशी.

कमी पातळ केलेल्या थेंबाबरोबर औषधही अगारवर जातं आणि तिथेही मारत राहतं. ०.१२५ च्या नळीतल्या पेशी एकदा सेंट्रिफ्यूज करून धुऊन घेतल्या तर हा घोळ टळतो.

ओडी, उजेड आणि कॉलन्या या तिन्ही रेषा एकाखाली एक, एकाच वेळेच्या अक्षावर लावा. एकावर एक चढवून दोन-तीन उभ्या अक्षांचा आलेख करू नका, तो करणाऱ्यालाच समजतो. प्रयोग झाल्यावर प्लेट, नळ्या, टिपा सगळं १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह, मगच कचऱ्यात.

एक मर्यादा मात्र या प्लेटने ओलांडता येत नाही. खळग्यातला आकडा लाखो पेशींची सरासरी असतो. सगळ्या पेशी निम्म्या उजळल्या, की निम्म्या पेशी पूर्ण उजळल्या, यांत रीडरला फरक दिसत नाही. आणि फरक मोठा आहे. डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच पाहिलं होतं की पेनिसिलिनखाली बहुतेक स्टॅफिलोकॉकस मरतात पण मूठभर टिकून राहतात, आणि त्यांची संतती पुन्हा पेनिसिलिनने मरते. म्हणजे ते प्रतिकारक झालेले नसतात. अशा पेशींना पर्सिस्टर म्हणतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत तर २०१० मध्ये किम लुईस यांच्या गटाने दाखवलं की एसओएसमध्येच चालू होणारं टिस-बी नावाचं विष पेशीचा ऊर्जापुरवठा मंदावून तिला पर्सिस्टर बनवू शकतं. तेव्हा हिरवा उजेड हा मरणाच्या वाटेवर असल्याचा पुरावा म्हणून वाचू नका. या पेशी शोधायच्या असतील तर फ्लो सायटोमीटरने (एकेका पेशीचा उजेड मोजणारं यंत्र) किंवा सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहावी लागते.

दुसऱ्या प्लेटसाठी औषध निवडताना

सुल-ए संवेदक डीएनएच्या इजेपुरता बोलतो. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा टेट्रासायक्लिन लावलंत तर प्रथिनंच बनणार नाहीत, जीएफपीही नाही. टेट्रासायक्लिन गटातली औषधं स्वतः चमकतात, हे आणखी वर. कॅनामायसिन या स्ट्रेनवर तपासता येत नाही, प्लास्मिडच त्याला प्रतिकार देतं. अ‍ॅम्पिसिलिन पेशीभित्तिकेवर काम करतं म्हणून "एसओएस नाही" याचं नियंत्रण म्हणून अनेक जण ते घेतात. ते घेऊ नका. बीटा-लॅक्टम औषधं डीपीआयबीए या दोन घटकांच्या संकेतयंत्रणेतून एसओएस चालू करू शकतात, हे २००४ मध्येच दाखवलं गेलं आहे.

पेशीभित्तिका, आरएनए, प्रथिनं, मेदाम्लं यांवरच्या घावांसाठी वेगळे प्रमोटर लागतात. बॅसिलस सबटिलिसमध्ये २००७ साली अशा पाच प्रमोटरांचा ल्युसिफरेज (स्वतः उजेड निर्माण करणारं विकर) जोडलेला संच प्रसिद्ध झाला: यॉर-बी डीएनएसाठी, वायव्हीजी-एस आरएनएसाठी, वायएचई-आय प्रथिनांसाठी, वायपीयू-ए भित्तिकेसाठी, फॅब-एचबी मेदाम्लांसाठी. ल्युसिफरेजचा उजेड लवकर मावळतो, म्हणून प्रतिसाद उतरताना पाहायला तो बरा. पण त्याला पेशीची ऊर्जा आणि ऑक्सिजन लागतो. पेशी दमली की दिवा आपोआप मंदावतो, प्रमोटर चालू असला तरी.

तेव्हा दुसरी प्लेट साधी ठेवा. त्याच स्ट्रेनवर, त्याच मांडणीने, बी ते डी ओळींत नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड. हे क्लोरोक्विनच्या निर्मितीतल्या एका उपउत्पादनातून १९६२ मध्ये पुढे आलेलं पहिलं क्विनोलोन. ते पाण्यात नीट विरघळत नाही, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा आणि तेवढंच हायड्रॉक्साइड औषध नसलेल्या स्तंभातही घाला. त्याची धार सिप्रोफ्लॉक्सासिनपेक्षा शेकडोपट कमी आहे, म्हणून स्तंभ ११ मध्ये ६४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवून खाली उतरा. ई आणि एफमध्ये रिकामं प्लास्मिड. दोन्ही औषधांच्या सक्रियतेच्या रेषा काढताना आडव्या अक्षावर मायक्रोग्रॅम न लिहिता आपापल्या एमआयसीच्या किती पट मात्रा आहे ते लिहा, म्हणजे दोन्ही शिखरं एकाच जागी येतात का ते थेट दिसेल.